सगळं अंबड सुतार झालं हो!

सांगू की नको असं झालंय, पण पोटात राहत नाही. नाशिकच्या अंबडमधल्या भल्याभल्या घरांत हल्ली रात्रीची जेवणं उरकली की पुरुषमंडळी मागच्या गॅलरीत जातात, दार ओढून घेतात आणि आतून घर्र घर्र आवाज येतो. पूर्वी नवरा असा गुपचूप गायब झाला की बायकोच्या मनात पत्ते यायचे, नाहीतर बाटली. आता बाटली सापडलीच तर तिच्यावर फेविकॉल लिहिलेलं असतं. शिकलीसवरलेली, पगारदार, घराचा हप्ता वेळेवर भरणारी माणसं स्वतःच्या हातांनी कपाटं करायला लागली आहेत! घराण्यात कुणी असं केलं नव्हतं हो.

परवा पाथर्डी फाट्याकडच्या एका सोसायटीत म्हणे पार्किंगमध्ये गाडीच्या जागी आठ बाय चारची प्लायची शीट आडवी पडलेली. चेअरमननी विचारलं, तर उत्तर आलं, "अहो, गाडी बाहेर लावलीय, शीटला ऊन नको." एका घरी पाहुणे बसायच्या आधीच त्यांना बजावलं गेलं, की खुर्ची नवीन आहे, मागे रेलू नका. तिसऱ्या घरी चपलांचं स्टँड इतकं देखणं झालं, की त्यावर चपला ठेवायची बंदी आहे. चपला पूर्वीसारख्याच दाराबाहेर.

लागण कशी होते, तेही ऐका. आधी मोबाइलवर कुणीतरी गोरा दाढीवाला बाप्या एका मिनिटात पुस्तकांची मांडणी करून दाखवतो. मग घरात एक पिवळी मेजरटेप येते आणि माणूस भिंती मोजायला लागतो. मग भाषा बदलते. काल-परवापर्यंत "वीतभर जागा आहे" म्हणणारा गृहस्थ "तिथे सहाशे दहा मिळतात" असं बोलतो. सहाशे दहा काय, विचारायचं नाही. मिलिमीटर असतात ते. या टप्प्यावर बायकोने माहेरी जायचं ठरवलं तरी उपयोग नसतो, कारण परत येईपर्यंत माळ्याला झडपा लागलेल्या असतात.

दोष अंबडच्या हवेचाही आहे. इतर गावांत माणसाला सुतारकामाची हुक्की आली तर लाकूड शोधत हिंडावं लागतं. इथे ते दारात येऊन पडतं. एमआयडीसीत बाहेरून मशीन आलं की ते लाकडी खोक्यातून येतं, खाली भक्कम पॅलेट. मशीन शॉपफ्लोअरवर जातं आणि खोकं भंगारात. ते फिकट पिवळं, गाठींचं पाइनचं लाकूड पाहून एखाद्याचा जीव कसा वरखाली होतो, ते दुसऱ्या शिफ्टच्या सुटीला गेटपाशी उभं राहून पाहावं. रीतसर गेटपास घेऊन नेतात हं सगळे! बिनगेटपासचं काही आमच्या कानावर आलेलं नाही, आणि आलं असतं तरी आम्ही इथे लिहिलं नसतं.

त्या लाकडावर एक शिक्का जाळून उमटवलेला असतो आणि सगळी मिजास त्या शिक्क्याची. डावीकडे ओंबीचं चित्र आणि आयपीपीसी ही अक्षरं, शेजारी देशाची दोन अक्षरं, कारखान्याचा क्रमांक आणि शेवटी एचटी किंवा एमबी. लाकडातून किडे परदेशी जाऊ नयेत म्हणून २००२ साली आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्याची ही खूण. एचटी म्हणजे लाकूड पार गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. आता शहाण्याने काय करावं? एमबी दिसलं की हात जोडून परत ठेवावं, शिक्काच नसेल तर त्याहून लांब राहावं आणि एचटी असलं तरी वर कुठलं तेल, कुठलं केमिकल सांडलंय हे बघूनच घरात घ्यावं. पोरांचा पलंग किंवा पोळपाट तर त्याचा करूच नये. पण आमच्या मंडळींचं लक्ष वेगळ्याच अक्षरांवर. डीई दिसलं की टीपॉय 'जर्मनीचा' होतो. सीएन असेल तर ती फळी मागच्या बाजूला लागते. रंधा मारताना सगळं लाकूड गुळगुळीत होतं, शिक्क्याएवढी जागा मात्र राखली जाते; पाहुण्याला दिसायला नको?

या मंडळींची काशी होती अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार. महापालिकेने तो २०१७ मध्ये जमीनदोस्त केला, तो पुन्हा वसला, २०२५ मध्ये पुन्हा बुलडोझर फिरला. वर्तमानपत्रांनी अतिक्रमण, आगी, कोर्टाचे आदेश असं सगळं छापलं. पण तिथली जुनी चाकं न मिळाल्याने किती घरांतली कपाटं बिनचाकांची राहिली, याची बातमी कुणीच दिली नाही. एक गृहस्थ तर म्हणे नातेवाईक गेल्यासारखे दोन दिवस नीट जेवले नाहीत.

लाकडावर थांबले असते तरी सोसलं असतं. आता कारखान्याचा रॅक स्वयंपाकघरात आलाय! तोच तो करड्या रंगाचा, भोकाभोकांच्या पट्ट्यांचा, नटबोल्टवर उभा राहणारा. ही स्लॉटेड अँगलची युक्ती देमेट्रियस कोमिनो नावाच्या लंडनच्या एका छपाईवाल्याची. दर वेळी गरजेपुरता रॅक बांधायचा आणि काम संपलं की मोडून फेकायचा, या नासाडीला तो वैतागला होता. लहान मुलांच्या मेकॅनोसारख्या पट्ट्या कितीही वेळा खोला, जोडा, असं त्याने डोक्यात घेतलं आणि १९४७ मध्ये डेक्सिअन नावाने कारखाना काढला. बिचाऱ्याला कुठे ठाऊक, की पुढे नाशिकच्या सिडकोतल्या एका ओट्याखाली त्याच्या पट्टीवर कुकर, कुकरवर परात आणि परातीवर दिवाळीची भाजणी बसणार आहे! सासूबाईंचा एकच सवाल, "हे घर आहे की स्टोअर डिपार्टमेंट?"

डिपार्टमेंटच म्हणायचं. कारण रॅकमागोमाग फाइव्ह एस आलं. कंपनीत जपानी पद्धतीची ती पाच सूत्रं भिंतीवर असतात: सेईरी म्हणजे नको ते काढा, सेईटोन म्हणजे हवं ते जागेवर ठेवा, सेईसो म्हणजे स्वच्छता, सेईकेत्सू म्हणजे त्याची रीत बांधा आणि शित्सुके म्हणजे ती रीत अंगी बाणवा. दहा तास हे ऐकून आलेला माणूस घरी स्वस्थ कसा बसेल? एका घरी ओट्यावरच्या भिंतीला प्लायचा फळा लागला. फळ्यावर प्रत्येक वस्तूची आकृती काळ्या रंगात काढलेली, जशी वर्कशॉपमध्ये पान्यांची आणि पकडींची असते. लाटण्याची सावली, झाऱ्याची सावली, किसणीची, चिमट्याची, पळीची. वस्तू जागेवर नसली की रिकामी सावली बोंबलते. पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी भजी तळली आणि झारा उलथन्याच्या सावलीवर टांगला. चिरंजीव ऑफिसातून आले, फळ्याकडे पाहिलं आणि नॉन-कन्फॉर्मन्स, म्हणजे नियमभंग, अशी नोंद केली. त्या म्हणाल्या, "भज्याला आता हात लावलास तर बघ." फळा आहे अजून. त्यावर फक्त कॅलेंडर असतं.

आता जरा कारागिरीकडे वळू, कारण खरी गंमत तिथेच उघडी पडते. शीटची लांबी असते २४४० मिलिमीटर. हिशोब सोपा: चार सारख्या फळ्या, प्रत्येकी ६१०. कागदावर बरोबर. पण करवतीचं पातं दर कापाला तीनेक मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं आणि चार फळ्यांना तीन काप लागतात. म्हणजे नऊ मिलिमीटर हवेत. तीन फळ्या ६१०च्या होतात आणि चौथी ६०१ची. मग त्या चौथ्या फळीवर काय काय आळ येतात! दुकानदार फसवा निघतो, प्लाय पावसाने आकसला असं ठरतं, क्वचित घरच्यांनी टेप ओढली म्हणून माप चुकलं असंही ठरतं. करवत तेवढी निर्दोष सुटते.

ड्रॉवरचंही तसंच. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना साधारण तेरा-तेरा मिलिमीटर जागा लागते, म्हणजे पोकळी जेवढी रुंद त्याहून ड्रॉवर एका इंचाने अरुंद हवा. हे माहीत नसलेल्या घरांत ड्रॉवर आधी आत जातच नाही. मग ताकदीने आत जातो आणि बाहेर येत नाही. त्यात घराची कागदपत्रं असतील तर काय विचारता. ऑटो बिजागरीला दाराच्या पाठीवर ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडावं लागतं, आरपार नाही, बेताचं खोल. अंबडच्या एका इंजिनिअरसाहेबांनी ते आरपार पाडलं. आता त्या दाराला बाहेरून गोल आरसा आहे आणि ते सांगतात, की डिझाइनच तसं होतं.

भिंतींचं तर विचारूच नका. जुन्या विटांच्या भिंतीला साध्या ड्रिलने भोक पडतं, गिट्टी ठोकली की स्क्रू आवळून बसतो. नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या ठोकळ्यांच्या भिंती; तिथे नेहमीची गिट्टी नुसती गरगर फिरते आणि शेल्फ एका रात्रीत राजीनामा देतं. कॉलमवर ड्रिल ठेवलं तर बिट लाल होतं, भोक होत नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडणाऱ्याला वायर भेटते. नळाच्या वर पाडणाऱ्याला पाणी भेटतं, आणि त्या पाण्याला खालच्या मजल्यावरच्या काकू भेटायला येतात.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी न्यायची नाही. उंच कपाट किंवा ड्रॉवरांची उतरंड भिंतीला आवळलेली नसेल तर ती पुढे कोसळते. पोरं ड्रॉवर ओढून त्यावर पायरी करून चढतात. अमेरिकेत अशा दुर्घटनांत मुलं दगावली आणि २०१६ मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीला तिथली सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलवावी लागली. तेव्हा हौशी सुतारहो, पॉलिश नंतर करा, आधी वरच्या कोपऱ्यात दोन अँगल आणि दोन स्क्रू मारा.

पैशाचा विषय काढला की ही मंडळी फार खूश होतात. "टीपॉय फुकटात पडला!" लाकूड भंगाराच्या भावातलं, खरं आहे. पण त्यासाठी ड्रिल मशीन आलं, मग जिगसॉ आली, मग क्लॅम्प, बिटांचा डबा, सँडर, कानाला लावायचे ते हेडफोनसारखे इअरमफ. हे सगळं कुठे गेलं विचारलं तर सांगतात, तो भांडवली खर्च आहे, अनेक वर्षांत विभागायचा. वर त्या हत्यारांना ठेवायला जागा नाही म्हणून आता एक कपाट करायला घेतलंय. त्या कपाटाला राउटर लागणार आहे.

आणि मिस्त्री? मिस्त्री मिशीत हसतोय. बारा बलुतेदारांत सुताराचा मान मोठा. नांगर, तिफण, बैलगाडी, दाराची चौकट त्याच्या हातून जायची आणि गाव त्याला सुगीला धान्य द्यायचं. आज कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला हे साहेब व्हिडिओ दाखवतात आणि विचारतात, असं का नाही करत तुम्ही? तो म्हणतो, "करा की साहेब." दोन महिन्यांनी फोन येतोच. आधी साधं कपाट करायचं होतं, आता झालेलं उचकटून मग करायचं असतं, त्यामुळे बिल वाढतं. लोकांनी हे असंच चालू ठेवावं, असा त्याचा मनापासून आशीर्वाद आहे.

या वेडाला वंशावळ मात्र खानदानी आहे हो. १९३४ मध्ये हॉलंडच्या खेरिट रीटफेल्ड या नामांकित वास्तुकाराने खोक्याच्या फळ्यांचं फर्निचर काढलं. लोकांनी घरी नेऊन स्वतः जोडायचं. १९५६च्या सुमारास आयकियाच्या एका माणसाने टेबल गाडीत मावेना म्हणून पाय सुटे केले आणि चपट्या खोक्यांचं युग सुरू झालं. इटलीच्या एंझो मारीने १९७४ मध्ये फळ्या आणि खिळ्यांत होणाऱ्या फर्निचरचे नकाशे जाहीर केले. टपालखर्च पाठवा, नकाशे घ्या. आपल्याकडे फेविकॉलवाल्यांची डिझाइनची जाडजूड पुस्तकं मिस्त्रीच्या पिशवीत असायची. बैठकीत ती उघडली की अख्खं घर भोवती गोळा व्हायचं. पुढे डिसेंबर २०२० मध्ये आयकिया तुर्भ्याला आलं आणि नाशिककर सहलीला जाऊन चपटी खोकी टपावर बांधून कसारा घाट चढू लागले.

अमेरिकेतल्या तीन प्राध्यापकांनी २०१२ मध्ये या रोगाचं नावही ठेवून दिलं, आयकिया इफेक्ट. स्वतः जोडलेल्या वस्तूला माणूस नको तितकी किंमत देतो. कागदाचे वेडेवाकडे बेडूक-बगळे करणाऱ्यांना आपलं काम उस्तादांच्या तोडीचं वाटलं. बघणाऱ्यांना तसं काही वाटलं नाही. आणि त्यातली मेख अशी, की काम अर्धवट राहिलं तर ही माया आटते. म्हणूनच अंबडच्या कित्येक गॅलऱ्यांत अर्धी झालेली कपाटं पावसात फुगत उभी आहेत. त्यांच्याविषयी घरात कुणी बोलत नाही.

एवढं सगळं चघळून झाल्यावर एक कबूल केलं पाहिजे. अंबडमध्ये दिवसभर माणूस एकाच पार्टला एकच होल मारतो. तो पार्ट पुढे कुठल्या पॅनेलमध्ये बसतो, ते पॅनेल कुठल्या गावात दिवे लावतं, त्याला दिसत नाही. घरी येऊन चार फळ्या जोडल्या की अख्खी वस्तू समोर उभी राहते, तिला पाय असतात आणि ती डुगडुगली तरी आपली असते. या हौसेला नाव ठेवायला आमची जीभ थोडी अडखळते.

थोडीच. कारण खरं प्रकरण पुढे आहे. साठवणीची ही विद्या घरात आली ती काय दाढीवाल्याच्या व्हिडिओतून? फडताळातलं जग कुणी लावलं होतं? मातीच्या मडक्यांची उतरंड, मांजरापासून वाचवायला टांगलेलं शिंकं, कोनाड्यातला तेलाचा बुधला, पलंगाखालचा पत्र्याचा पेटारा, जुन्या साडीचा शिलाई मशीनवरचा अभ्रा, डालड्याच्या डब्यातली तूरडाळ, हे सगळं कुणाच्या हातचं? सिडकोच्या त्या मूळच्या इवल्याशा घरांत सहा माणसं, बारा गोधड्या, वर्षाचे गहू आणि गावाहून आलेला पाहुणा मावला, तो कुठल्या सहाशे दहा मिलिमीटरच्या हिशोबाने? ती कामं बायकांनी केली. त्यांना काटकसर म्हटलं गेलं, कधी जरा मान द्यायचा तर सुगरणपण. बाप्याने हातात ड्रिल धरल्यावर तेच काम छंद झालं, त्याचा व्हिडिओ झाला आणि "बाबांनी केलंय बरं का" असं पाहुण्यांना सांगणं सुरू झालं. खोलीभर पडलेला भुसा कोण झाडतं, ते त्या व्हिडिओत येत नाही.

पण आता ऐका ताजी खबर, आणि आमचं नाव कुठे घेऊ नका. आमच्याकडच्या एका भिशीतल्या वहिनींनी या खेपेला नंबर लागल्यावर पैठणी घेतली नाही, चांदीचं निरांजन घेतलं नाही. कॉर्डलेस ड्रिल घेतलं! बिटांच्या डब्यासकट. आता ते आठवड्याला एका घरी फिरतं, खवणी फिरावी तसं. एकीने ओट्याखालचा रॅक स्वतः उतरवून पुन्हा आपल्या उंचीला बसवला, कारण आधीचा नवऱ्याच्या उंचीला होता आणि स्वयंपाक करणारी ती. दुसरीने अडकलेला ड्रॉवर रंधा मारून मोकळा केला आणि आतून घराची कागदपत्रं निघाली. पुरुषमंडळींमध्ये भयंकर अस्वस्थता आहे. परवा रात्री एका गॅलरीतून घर्र घर्र ऐकू आलं, दार ओढलेलं, आणि बाहेर गृहस्थ हातात पोळीचं ताट घेऊन उभे. "अगं, निदान माप तरी मला घेऊ दे!" असं म्हणत होते म्हणे. आतून उत्तर आलं, "आधी भुसा झाडायला या."